जांभळाच्या वड्या थंड होईपर्यंत

अण्णा,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. नदीकाठी पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच तो आला, एकदा मान वाकडी करून पाहिलं आणि चोच मारली. गुरुजींना हायसं वाटलं. आत्या डोळे पुसत म्हणाली, "काही म्हणजे काही मागे राहिलं नाही हो त्याचं. सुटला." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चपला शोधायला लागले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात की कावळ्याला भूक लागली होती. ते मलाही पटतं. तरी मला त्या कावळ्याचा राग आला. त्याने थोडं अडून बसायला हवं होतं. मग आत्याने मला पुढे ढकललं असतं, हात जोडून काहीतरी कबूल कर म्हणाली असती, आणि काय कबूल करायचं ते मला नीट माहीत होतं. तुमची काही इच्छा राहिली नव्हती असं त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी गप्प राहिलो. म्हणून आता लिहितोय.

आई गेल्यानंतरच्या वर्षात तुम्ही जवळजवळ बोलणंच बंद केलं होतं. डब्यातलं जेवायचात, डबा घासून ठेवायचात, गॅलरीत बसायचात. जन्मभर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासणारा माणूस, तपासायला काही उरलं नाही म्हणून बसून राहिला आहे असं वाटायचं. मी दर रविवारी बदलापूरहून मोटारसायकलवर चिखलोलीच्या रस्त्याने तुमच्याकडे अंबरनाथला यायचो, तुमची औषधं बघायचो, फॅनचं बटण दुरुस्त करायचो आणि परत जायचो. एका रविवारी मुक्ता बरोबर होती. तेव्हा ती शाळेत होती. कुठल्याशा मॉलमध्ये तिने क्रंबल बार खाल्ला होता आणि तुम्हाला त्याचं वर्णन करून सांगत होती. खाली बिस्किटासारखं, मध्ये फळांचा गर, वर नुसता चुरा. तुम्ही तिला दोनतीन प्रश्न विचारलेत. खालचा थर ओला होता का? चुरा गोड होता की खारट? बऱ्याच महिन्यांनी तुम्ही कुणाला काही विचारलं होतं. मी ते लक्षात घेतलं नाही. मला निघायची घाई होती.

पुढच्या रविवारी ओट्यावर ओव्हन होता.

त्याला लागणारा डबा आणायला आपण दोघं उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेलो होतो, आठवतं? सरळ कडांचा, चौकोनी, अमुक इतकाच खोल डबा तुम्हाला हवा होता आणि तसा तयार मिळेना. शेवटी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका सिंधी दुकानदाराला तुम्ही कागदावर आकृती काढून दिलीत. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साईं, रिटायर होके बेकरी खोल रहे हो क्या?" तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणालात, "नही, लॅबोरेटरी." तो इतका हसला की त्याने आपल्याला बसवून चहा पाजला आणि तिथल्या तिथे डबा करून दिला. परत येताना डबा मांडीवर धरून तुम्ही रिक्षात बसला होतात. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी तेव्हा नीट पाहायला हवं होतं.

सुरुवातीला सफरचंद झालं, मग आंबा झाला. आंब्याला खूप पाणी सुटतं म्हणून तुम्ही त्याला नापास केलंत. मग जून आला आणि तुम्हाला जांभूळ सापडलं. बारवीकडच्या वाडीवरून चंद्री नावाची बाई बदलापूरला टोपली घेऊन बसायची. तुम्ही खास तेवढ्यासाठी अंबरनाथहून यायचात आणि माझ्या घरी न येता परत जायचात, कारण फळ उन्हात राहता कामा नये. ती तुम्हाला ओळखायला लागली होती. तुम्ही एकेक जांभूळ उचलून बघायला लागलात की म्हणायची, "बाबा, पोरीसाठी सोयरीक बघताय का जांभळं घेताय?" ते मला तुम्हीच सांगितलंत, आणि सांगताना हसलात.

जांभळाच्या बिया काढायचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला देत नव्हतात. चाकूने गर सोलून घ्यायचा, स्टीलच्या ताटात एकेक फोड सुटी पसरून फ्रीजरमध्ये ठेवायची, कडक झाली की पिशवीत भरायची. एकदम पिशवीत भरलं तर गोळा होतो. पुढचे कितीतरी दिवस तुमची बोटं जांभळी असायची. बँकेत सही करताना बाई विचारायची म्हणे, निवडणूक कधी झाली?

ताजं चांगलं की गोठवलेलं, यावर आपला वाद होता तो तसाच राहिला. मी म्हणायचो, ताजं ते ताजंच. तुमचं म्हणणं, जांभूळ गोठलं की त्याची साल आतून फुटते, रंग आणि आंबटपणा मोकळा होतो, तुरटपणा कमी होतो. मी म्हणायचो, मग निदान वितळवून तरी घाला, ओव्हनमध्ये कोणी बर्फ घालतं का? तुम्ही म्हणायचात की वितळवलंस की सगळं पाणी खालच्या थरात उतरणार. ताजं असेल तर थोडा वेळ साखरेत ठेव आणि पाणी निथळून घे. गोठलेलं असेल तर दगडासारखं असतानाच कॉर्नफ्लॉवर आणि लिंबाच्या रसात घोळव आणि तसंच पसर. "एक तर हे, नाहीतर ते. मधलं काही नाही," असं तुमचं शेवटचं वाक्य असायचं. मला वादात रस नव्हता, जिंकण्यात होता. खाऊन बघून काही ठरवलंय असं मी कधी केलं नाही.

एकदा तुम्ही मला चुरा करायला दिला होतात. मैदा, ओट्स, साखर, चिमूटभर मीठ आणि फ्रीजमधून तेव्हाच काढलेलं गार लोणी. बोटांच्या टोकांनी चोळायचं, तळव्याने नाही. माझ्या हातात त्याचा लगेच लगदा व्हायला लागला. तुम्ही माझा हात धरलात, नळाखाली नेलात आणि म्हणालात, "तुझे हात गरम आहेत. आईसारखे. भाकरीला चांगले, याला नाहीत." मोठेपणी तुम्ही माझा हात धरल्याचं मला तेवढं एकच आठवतं.

आता जे सांगायचं आहे ते.

वड्या ओव्हनमधून बाहेर आल्या की तुम्ही डबा जाळीवर ठेवायचात आणि म्हणायचात, "आता थंड होऊ दे. गरम कापली तर वडी राहत नाही, शिरा होतो." आणि खुर्ची ओढून बसायचात. समोरची खुर्ची माझी. डबा आपल्या दोघांच्या मध्ये. तुम्ही कधी कारखान्यातलं काहीतरी सांगायचात, कधी काहीच नाही. मी फोन बघायचो. अर्ध्या तासाने विचारायचो, झाली का? तुम्ही डब्याच्या तळाला हात लावून म्हणायचात, अजून नाही. तासाने विचारायचो. अजून नाही. मग मी उठायचोच. तुम्ही नको नको म्हणताना गरम डब्यातला एक भाग उचकटून स्टीलच्या डब्यात भरून न्यायचो. घरी पोचेपर्यंत त्याचा खरंच शिरा झालेला असायचा. रेखाला कित्येक महिने वाटत होतं की हा पदार्थ चमच्यानेच खायचा असतो. ती त्याला अण्णांचा शिरा म्हणायची.

त्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. पाण्याच्या टँकरवरून भांडणं चालू होती आणि मी चिटणीस. तुम्ही तळाला हात लावून तिसऱ्यांदा अजून नाही म्हणालात आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "अण्णा, हे थंड-बिंड काही नसतं. मला इथे अडकवून ठेवायला तुम्हाला निमित्त लागतं, बास."

तुम्ही ओव्हनची काच पुसत होतात. पुसत राहिलात. म्हणालात, "असेल."

मी मीटिंगला गेलो. टँकरचं काही ठरलं नाही.

पुढच्या रविवारी मी आलो तेव्हा ओटा स्वच्छ होता. वड्या कापून, थरांच्या मध्ये बटर पेपर घालून, डब्यात भरून दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या होत्या. "पहाटेच उरकलं," तुम्ही म्हणालात. "तुझा वेळ जायला नको." आणि मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, बघा, हे किती सोयीचं झालं. खरंच खूश झालो होतो मी. त्यानंतर प्रत्येक रविवारी तसंच झालं. डबा तयार. मी उभ्या उभ्या यायचो, औषधं बघायचो, चहा नको म्हणायचो, डबा घेऊन निघायचो. वड्या छान चौकोनी असायच्या. आमच्या मजल्यावरच्या बायका रेखाकडे तुमची रेसिपी मागायच्या. तुम्ही मला पुन्हा कधीही थांब म्हणाला नाहीत. मी ते वाक्य परत घेतलं नाही. घ्यायचं होतं असंही नाही, अण्णा. खोटं कशाला बोलू? ते वाक्य मी विसरून गेलो होतो. तुम्हाला पोचवून स्मशानातून परत येताना ते मला आठवलं आणि तेव्हापासून ते जात नाही.

तेराव्यानंतर घर बंद केलं तेव्हा रेखा म्हणाली, फ्रीज रिकामा करून बंद करू या. मी फ्रीजर उघडला. जूनमधल्या जांभळांची एक शेवटची पिशवी होती. तुमच्या हातांनी बिया काढलेली. मी रेखाला म्हटलं, फ्रीज चालू राहू दे. ती पिशवी मला वापरायची नव्हती. नुसती तिथे असू द्यायची होती. किती दिवस, किती वर्षं, असा काही विचार केला नव्हता. ती तिथे गोठलेली आहे एवढं माहीत असलं की रात्री झोप यायची.

परवा शुक्रवारी मी रजा टाकली आणि तुमचे कपडे आवरायला आलो. शुक्रवारी तिकडे दुरुस्तीसाठी लाइट घालवतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विसरलो. दार उघडलं तर फ्रीजखाली पाणी. तुमच्या जुन्या फ्रीजचं रबर सैल झालंय, तुम्ही दोनदा सांगितलं होतंत, मी मेकॅनिक पाठवतो म्हणालो होतो. पिशवी हातात घेतली तर बाहेरून मऊ, फक्त मधोमध कडक. तळाशी जांभळा रस साठलेला.

अण्णा, मी स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने म्हणालो, "आता?" एक तर हे, नाहीतर ते, असं तुम्ही सांगितलं होतं. हे दोन्ही नव्हतं. पुन्हा गोठवावं तर लाइट कधी येणार ठाऊक नाही, आणि आली तरी त्या फळाचा गोळा होणार. फेकून द्यायला हात होईना. जांभूळ आता थेट पुढच्या जूनला, आणि तेही तुम्ही सोललेलं नाही. जे करायचं ते त्याच दिवशी, आणि एकदाच. मैदा तुमच्या डब्यात होता. ओट्स होते. लोणी खाली जाऊन आणलं. ते गार राहावं म्हणून शेजारच्या वहिनींकडे बर्फ मागितला. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे.

नळाखाली हात धरले, पुसले, चुरा केला. मधून मधून पुन्हा हात धुतले. बरा झाला. अर्ध्याहून जास्त डब्यात घालून वाटीने दाबला. मग लाइटची वाट बघत बसलो, आणि पिशवीतला रस वाढत गेला.

ऊन उतरल्यावर लाइट आली आणि थोड्याच वेळात मुक्ताही आली. मी इथे आहे हे तिला रेखाने कळवलं होतं. तिचं कॉलेज उल्हासनगरला, घरी बदलापूरला जाताना अंबरनाथ वाटेतच. ती आत आली, ओट्यावरचा पसारा पाहिला, पिशवी उचलून पाहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "बाबा, हा रस गाळून वेगळा उकळा ना. थोडं कॉर्नफ्लॉवर घालून घट्ट करा आणि मग फोडी त्यात घाला. करवंदं वितळली होती तेव्हा आजोबांनी तसंच केलेलं."

मी विचारलं, कधी?

"गेल्या वर्षी. तेव्हा पण शुक्रवारच होता."

मग मला कळलं की ती कॉलेज सुटल्यावर मधून मधून तुमच्याकडे उतरायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, तुम्हालाही नसावं. म्हणजे तुमच्यासमोरची खुर्ची नेहमीच रिकामी नव्हती. एवढं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पाठमोरा होऊन रस ढवळत राहिलो. ती कडेला उभी राहून सूचना देत होती, अगदी तुमच्यासारखी. चुरा वरून दाबू नका, नुसता टाका. कडेने बुडबुडे आले की झालं.

कडेने बुडबुडे आले. डबा बाहेर काढून मी जाळीवर ठेवला. घरभर वास भरला. मुक्ताने कपाटातून वाटी आणि चमचा काढला आणि सरळ डब्यात चमचा घालायला निघाली. मी तिचा हात अडवला. म्हणालो, थांब, थंड होऊ दे, गरम कापली तर शिरा होतो.

ती माझ्याकडे बघायला लागली. "कोण म्हणालं?"

"आजोबा."

"मला तर ते नेहमी गरमच द्यायचे, बाबा. वाटीत. म्हणायचे, खरी मजा गरममध्येच आहे, थंड झाल्यावर नुसतं बिस्किट."

मी तिचा हात सोडला. तिने वाटी भरून घेतली, फुंकर घालत, ओट्याला टेकून खाल्ली. म्हणाली, जमलंय, थोडं गोड जास्त आहे. मग वाटी धुऊन ठेवली. तिचं सबमिशन होतं. जाताना दारात थांबून तिने विचारलं, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, तू हो पुढे.

तर मी बरोबर होतो, अण्णा. तुम्हाला निमित्तच लागत होतं. तुम्ही असेल म्हणालात तेव्हा खरं तेच सांगितलंत, आणि मी ते ऐकून मीटिंगला गेलो. माझी मुलगी यायची तेव्हा तुम्हाला कसलंच निमित्त लागायचं नाही, कारण ती आपणहून बसायची. थंड करायची गरज फक्त माझ्यासाठी होती. एवढा हिशेबी माणूस, उभ्या आयुष्यात ज्याने एक नमुना खोटा पास केला नाही, त्याने माझ्यासाठी दर रविवारी डब्याच्या तळाला हात लावून अजून नाही म्हणावं. कोणी माझ्यासाठी एवढं केलेलं मला आठवत नाही. आणि मी ते पकडलं, तुमच्या तोंडावर फेकलं, आणि बरोबर ठरलो. बरोबर ठरून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसलो. गरम खायचं नाही असं ठरवलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. बराच वेळ डब्यातून बारीक आवाज येत होता, वरचा चुरा निवताना होतो तसा. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, मग झाली. शेजारच्या वहिनींनी कुकर लावला. मी तुमच्या खुर्चीकडे बघून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण मला काही सुचेना. तेव्हाही सुचायचं नाही. कदाचित तुम्हालाही सुचत नसेल. कदाचित आपण दोघं नुसतेच बसलो असतो, आणि तुम्हाला तेवढंच हवं होतं.

अंधार पडला तेव्हा मी तळाला हात लावला. पत्रा गार होता. सुरीने कापल्या. खालचा थर मध्यभागी थोडा ओला राहिला होता, पण वड्या सुटल्या, चौकोनी सुटल्या. एक खाल्ली. मुक्ता म्हणते ते खरं आहे, गोड जास्त झालंय. बाकीच्या डब्यात भरल्या, मध्ये बटर पेपर घातला, झाकण लावलं. ओटा पुसला. फ्रीज बंद केला आणि त्याचं दार उघडं ठेवलं.

आता तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डबा मांडीवर घेऊन मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि निघायला हवं हे माहीत असून कितीतरी वेळ उठलो नाही.